सोडायचं ठरलं, पण जायचं कुठं ते ठरलंच नव्हतं: ब्रेक्झिट सोप्या भाषेत

2019 च्या डिसेंबरच्या शेवटी आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर आमच्या सिंधुदुर्गात आले होते, मालवण तालुक्यात वराडला, वडलांच्या मूळ गावी, सगळं कुटुंब घेऊन. आपल्या मातीतल्या घराण्याचा मुलगा तिकडे पंतप्रधान झालाय याचा केवढा आनंद होता सगळ्यांना, आणि त्याच वर्षी ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपियन युनियन या देशांच्या गटातून ब्रिटन बाहेर पडण्याच्या बातम्यांत त्यांचं नाव सारखं येत होतं. तेव्हा आमच्या काकांनी मला एक साधा प्रश्न विचारला, अरे इंग्लंड युरोपमधून बाहेर पडतंय ना, मग त्यात आयर्लंडच्या पंतप्रधानाचं काय काम? मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते मलाच पटलं नाही. मग वाचत गेलो आणि जितकं वाचलं तितकं लक्षात आलं की काकांचा प्रश्न हाच सगळ्या भांडणाचा गाभा आहे, तो सुटला की बाकीचं भराभर कळत जातं. म्हणून आज बसून लिहून काढतोय, जमेल तेवढं सोपं करून.

सुरुवात नाक्यापासून करू. जीएसटी यायच्या आधी, म्हणजे 1 जुलै 2017 च्या आधी मुंबईत जकात होती हे आठवत असेल. मुलुंड चेकनाका, दहिसर, ट्रकांच्या रांगा, हातात कागद घेऊन खाली उतरलेले ड्रायव्हर. जकात गेली तशा त्या रांगा गेल्या. आता समजा जकात तर गेली, पण मुंबईने म्हटलं आमचे दुधाचे नियम वेगळे आणि ठाण्याने म्हटलं आमचे वेगळे, तर काय होईल? नाका परत येईल, यावेळी पैसे घ्यायला नाही तर दूध तपासायला. म्हणजे नाका उठवायचा असेल तर दोन गोष्टी लागतात, कर एक हवा आणि नियमही एक हवेत. एवढं डोक्यात पक्कं ठेवा, पुढे पावलोपावली लागणार आहे.

युरोपने हे दोन्ही केलं. 1968 पर्यंत त्यांची कस्टम्स युनियन पूर्ण झाली, म्हणजे आपसात आयातकर नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचा कर सारखा, माल रॉटरडॅमला उतरवा नाहीतर हॅम्बर्गला, कर तोच. मग 1993 पासून सिंगल मार्केट, म्हणजे खेळण्यात कुठला रंग चालेल, मांस कसं साठवायचं, मशीनला कुठली टेस्ट लागेल हे नियमच एक करून टाकले. त्याच्यासोबत चार गोष्टींना मोकळा रस्ता दिला, माल, सेवा, पैसा आणि माणसं. चौथी गोष्ट महत्त्वाची. ब्रिटन त्यात होतं तेव्हा पोलंडचा सुतार सकाळी उठून लंडनला कामाला जाऊ शकत होता, व्हिसा नाही, परवानगी नाही, तो त्याचा हक्क. आणि आपण पेपरात वाचतो ते फ्री ट्रेड ॲग्रीमेंट, ते या दोन्हीच्या मानाने खूप हलकं प्रकरण असतं. त्यात आपसातला कर कमी होतो किंवा जातो, पण नियम ज्याचे त्याचे राहतात, म्हणजे नाकाही राहतो.

आता नियम एक करायचे म्हणजे ते कुणीतरी एकत्र बसून ठरवणार आणि ठरले की सगळ्यांना लागू होणार. हे काय असतं ते आपल्या कोकणाने स्वतः अनुभवलंय. 1 मे 2014 ला युरोपियन युनियनने भारतातला आंबा घेणं बंद केलं, ऐन हापूसच्या सिझनमध्ये, कारण मालात फळमाशी सापडली होती. युरोपात आपला आंबा सगळ्यात जास्त खपायचा तो ब्रिटनमध्ये, लंडन आणि लेस्टरचे भारतीय दुकानदार हवालदिल झाले, तिथल्या खासदाराने आवाज उठवला, पण ब्रिटन एकट्याने म्हणू शकत नव्हतं की आम्ही घेतो बाबा तुमचा आंबा. नियम 28 देशांचा. आपल्याकडच्या पॅकहाऊसमध्ये सुधारणा झाल्या, तपासणी कडक झाली आणि 2015 च्या सुरुवातीला बंदी उठली. हे ऐकून कुणालाही वाटेल की बघा, स्वतःच्या देशात कुठलं फळ येऊ द्यायचं हे पण ब्रसेल्सला, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाला विचारायचं का? ब्रेक्झिटवाल्यांचा मुद्दा नेमका हाच होता आणि तो खोटा नव्हता. पण याची दुसरी बाजू पण सांगतो, त्या बंदीला ब्रिटनच्या स्वतःच्या शेती खात्याचाही पाठिंबा होता, कारण माशी शिरली तर त्यांच्या ग्रीनहाऊसमधले टोमॅटो, काकडी धोक्यात. म्हणजे ब्रसेल्सचा नियम म्हणून जो खुपतो तो पुष्कळदा आपल्या सरकारने पण मान्य केलेलाच असतो, फक्त शिव्या ब्रसेल्सला पडतात. वर्षानुवर्षं असं चाललं की लोकांच्या मनात काय साठत असेल याचा विचार करा.

ब्रिटन या गटात आलं 1 जानेवारी 1973 ला. दोनच वर्षांत, 1975 ला तिथे जनमत घेतलं तेव्हा 67 टक्के लोक म्हणाले राहूया. तेव्हा हा गट मुख्यतः व्यापाराचा होता. मग तो वाढत गेला, कायदे वाढले, 2004 ला पोलंडसकट 10 नवे देश आले आणि ब्रिटनने त्यांच्या लोकांना पहिल्या दिवसापासून कामाची मुभा दिली, जर्मनी-फ्रान्सने तसं केलं नाही, त्यांनी काही वर्षं दार लोटून ठेवलं. त्यामुळे लाखो लोक ब्रिटनमध्ये आले. लिंकनशरमध्ये बॉस्टन म्हणून एक छोटं शेतीचं शहर आहे, तिथे भाजीच्या शेतात आणि पॅकिंगमध्ये पूर्व युरोपातले इतके लोक आले की दहा-पंधरा वर्षांत गावाचा चेहरा बदलला. त्यात 2008 ची मंदी आणि 2010 नंतर सरकारने खर्चाला लावलेली कात्री. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, घरभाडं वाढतंय, शाळेत जागा नाही, आणि टीव्हीवर कुणीतरी सांगतंय हे सगळं युरोपमुळे. 2016 च्या मतदानात याच बॉस्टनमध्ये 75 टक्क्यांवर लोकांनी लीव्हला, म्हणजे युनियन सोडायला मत दिलं, सगळ्या देशात सर्वात जास्त. मला त्या लोकांचा राग येत नाही. त्यांचं दुखणं खरं होतं, औषध बरोबर होतं का हा वेगळा प्रश्न.

तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी 2013 मध्ये वचन दिलं होतं की पुढची निवडणूक जिंकलो तर जनमत घेईन. त्यांच्या पक्षातच या विषयावरून दोन तट पडले होते. 2015 ला ते जिंकले आणि 23 जून 2016 ही तारीख ठरली.

त्या प्रचाराबद्दल मला मनापासून वाईट वाटतं आणि दोन्ही बाजूंबद्दल वाटतं. लीव्हवाल्यांनी लाल बसवर लिहिलं की आपण दर आठवड्याला 35 कोटी पौंड युरोपला पाठवतो, ते आरोग्यसेवेला देऊया. तो आकडा चुकीचा होता, कारण मार्गारेट थॅचर यांनी 1984 ला भांडून एक मोठी सूट मिळवली होती, ती पैसे जायच्या आधीच वजा व्हायची, शिवाय उरलेल्यातलेही बरेच परत शेतकऱ्यांना, मागास भागांना मिळायचे. देशाच्या अधिकृत आकडेवारी संस्थेने सांगितलं की हा आकडा दिशाभूल करणारा आहे, तरी बस फिरत राहिली. रिमेनवाल्यांनी, म्हणजे राहूया म्हणणाऱ्यांनी काय केलं तर फक्त भीती घातली. अर्थखात्याने सांगितलं की बाहेर पडायला मत दिलंत तर लगेच मंदी येईल, 5 लाख नोकऱ्या जातील. पौंड जोरात पडला, निकालाच्या रात्री डॉलरसमोर 1985 नंतरच्या नीचांकाला गेला, पण ती मंदी काही आली नाही, आणि मग पुढे कुणी अर्थतज्ज्ञ खरं सांगायला लागला तरी लोक म्हणायचे, तुम्ही मागे पण असंच म्हणाला होतात.

आणि या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. मतपत्रिकेवर दोनच पर्याय, राहायचं की सोडायचं. राहायचं म्हणजे काय ते माहीत होतं, जे चाललंय ते. सोडायचं म्हणजे मात्र दहा वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकत होत्या. नॉर्वेसारखं बाहेर राहून सिंगल मार्केटमध्ये? मग पैसे पण भरायचे, माणसांना येऊ पण द्यायचं, नियम पाळायचे आणि नियम करताना मत नाही. तुर्कीसारखं कस्टम्स युनियनमध्ये? मग दुसऱ्या देशांशी स्वतःचे ट्रेड डील मोकळेपणाने करता येत नाहीत, आणि तुर्की-बल्गेरिया बॉर्डरवर तरी ट्रकांच्या रांगा आहेतच. कॅनडासारखा साधा करार? मग नियम आपले, पण नाकाही आपला. का काहीच करार नको? हे सगळे लोक एकाच चौकोनात फुली मारून आले. लीव्ह 51.9 टक्के, रिमेन 48.1 टक्के, 1 कोटी 74 लाख विरुद्ध 1 कोटी 61 लाख. इंग्लंड आणि वेल्स म्हणाले सोडा, स्कॉटलंडमध्ये 62 टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास 56 टक्के म्हणाले राहूया.

इथे एक गोष्ट सांगतो जी आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. माझा एक मित्र म्हापशाचा. त्याचा मोठा भाऊ 2013 ला पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला स्विंडनला गेला, गोदामात काम करतो. गोव्यात 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेले लोक, त्यांची मुलं, नातवंडं यांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, आणि पोर्तुगाल युरोपियन युनियनमध्ये, म्हणून तेव्हा तो पासपोर्ट हातात आला की ब्रिटनचं दार उघडं होतं. हजारो गोंयकार असे गेले, स्विंडनमध्ये तर केवढी वस्ती आहे त्यांची, स्वतःचे क्लब, फुटबॉल, सण सगळं आहे. आता गंमत नाही, खरा नियम सांगतो: त्या जनमतात ब्रिटिश आणि आयरिश लोकांसोबत तिथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मत होतं, म्हणजे भारतीय पासपोर्टवर तिथे राहणारा आपला माणूस मत देऊ शकत होता. पण पोर्तुगीज, पोलिश, फ्रेंच यांना मत नव्हतं. म्हणजे एकाच गल्लीत राहणारे गोव्याचे दोन जण, भारतीय पासपोर्टवाला मत देऊन आला, आणि पोर्तुगीज पासपोर्टवाला, ज्याचं तिथलं सगळं आयुष्य त्या निकालावर टांगलेलं, तो घरी बसून टीव्ही बघत होता. स्विंडनमध्ये बहुमत लीव्हला मिळालं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, निकाल लागताच कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला, थेरेसा मे पंतप्रधान म्हणून आल्या. आता वाटाघाटी. बाहेर पडायचा कायदेशीर रस्ता म्हणजे युरोपियन युनियनच्या करारातलं कलम 50. त्यात लिहिलंय की देशाने नोटीस दिली की दोन वर्षांत बोलणी पूर्ण करायची, नाही झाली तर करार असो नसो, बाहेर. मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्या देशांनी हो म्हटलं पाहिजे. हे नीट बघा, नोटीस दिली की घड्याळ सुरू होतं, आणि ते घड्याळ ब्रिटनच्या विरोधात चालतं, कारण समोर 27 देश, केवढं मोठं मार्केट, त्यांना करार नाही झाला तर त्रास होणारच, पण ब्रिटनला कितीतरी जास्त. म्हणजे नोटीस द्यायच्या आधी घरात बसून ठरवायला हवं होतं की आपल्याला नक्की काय हवंय. मे यांनी 29 मार्च 2017 ला नोटीस दिली. तोपर्यंत त्यांच्या स्वतःच्या मंत्रिमंडळात पण एकमत नव्हतं. माझ्या मते पुढचा सगळा त्रास या एका दिवसात आहे. त्यात वर त्यांनी जून 2017 ला मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि असलेलं बहुमत घालवून बसल्या, उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या 10 खासदारांच्या टेकूवर सरकार आलं.

युरोपच्या बाजूने बोलणी करायला मिशेल बार्निये होते, फ्रान्सचे. त्यांनी पहिल्याच दिवसात एक गोष्ट मान्य करून घेतली की आधी जुना हिशोब, मग पुढचा व्यापार. जुना हिशोब म्हणजे तीन गोष्टी, इकडच्या लोकांचे तिकडचे हक्क, ब्रिटनने आधी कबूल केलेले पैसे आणि आयर्लंडची बॉर्डर. पैशावरून केवढा आरडाओरडा झाला होता, पण 35 ते 39 अब्ज पौंडांवर गाडी तशी लवकर थांबली. पैशाचं भांडण आकड्यावर मिटतं. बॉर्डरचं मिटत नाही.

डिसेंबर 2017 मध्ये बार्निये यांनी एक चित्र दाखवलं, जिना काढलेला. वरच्या पायरीवर पूर्ण सदस्य, मग नॉर्वे, स्वित्झर्लंड, युक्रेन, तुर्की असं उतरत उतरत कॅनडा आणि दक्षिण कोरिया, आणि तळाला करारच नाही. मे यांनी जाहीर केलं होतं की माणसांची मोकळी ये-जा नको, युरोपच्या कोर्टाचा हुकूम नको, स्वतःचे ट्रेड डील करायला मोकळीक हवी. यातली एकेक अट लावली की एकेक पायरी बाद होत जाते आणि माणूस कॅनडाच्या पायरीवर येऊन थांबतो. यात कुणी शिक्षा देत नव्हतं, सूड घेत नव्हतं, अटी ज्याच्या त्याने घातल्या होत्या आणि हिशोब सरळ होता. पण घरी लोकांना सांगितलं गेलं होतं की सगळे फायदे तसेच राहतील आणि बंधनं जातील. त्यामुळे हिशोब समोर आला की तो युरोपचा हटवादीपणा वाटायचा.

आता काकांचा प्रश्न. आयर्लंड बेटावर दोन भाग आहेत, दक्षिणेला आयर्लंड हा स्वतंत्र देश, तो युरोपियन युनियनमध्ये, आणि उत्तरेला उत्तर आयर्लंड, तो ब्रिटनचा भाग. मधली बॉर्डर साधारण 500 किलोमीटर, रस्ते ओलांडतात अशा जागा 200 च्या वर. तिथे तीस वर्षं रक्तपात झालाय, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली, बॉर्डरवर लष्कराचे मनोरे होते, गाड्या अडवून झडत्या व्हायच्या. 10 एप्रिल 1998 ला गुड फ्रायडे करार झाला आणि हळूहळू ते सगळं हटलं. आज तिथून गाडीने गेलात तर देश बदलला हे फक्त रस्त्यावरच्या पाट्यांवरून कळतं, दक्षिणेला वेग किलोमीटरमध्ये, उत्तरेला मैलांमध्ये. शेतकऱ्याचं घर एका देशात आणि कुरण दुसऱ्या देशात. उत्तरेतल्या गायींचं दूध टँकर भरभरून दक्षिणेतल्या डेअऱ्यांत जातं. आणि हे जमलं कसं, तर कर एक होता, नियम एक होते, दोन्ही बाजू त्याच युनियनमध्ये होत्या.

आता आपलं नाक्याचं गणित लावा. ब्रिटन कस्टम्स युनियनमधून आणि सिंगल मार्केटमधून बाहेर पडलं की कर वेगळे, नियम वेगळे, म्हणजे कुठेतरी नाका येणार. तो बेटावर आला तर शांतता करारालाच धक्का. तो उत्तर आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधल्या समुद्रात आला तर एकाच देशात दोन भाग, आणि उत्तरेतले जे लोक स्वतःला मनापासून ब्रिटिश मानतात त्यांच्या काळजाला घाव. आणि नाका कुठेच नको असेल तर सगळ्या ब्रिटनने युरोपचे कर आणि नियम चालू ठेवायचे, मग बाहेर पडलो म्हणायचं कशाला. तीन इच्छा आहेत, पूर्ण बाहेर पडायचं, बेटावर नाका नको, समुद्रात नाका नको. तिन्ही एकदम होतच नाहीत, कुठल्याही दोन घ्या आणि तिसरी सोडा. एवढी सरळ गोष्ट 2016 च्या प्रचारात इंग्लंडमधल्या किती जणांना सांगितली गेली असेल? उत्तर आयर्लंडमधले लोक सांगत होते, पण तो आवाज लंडनपर्यंत पोचला नाही.

आणि म्हणून वराडकर. ते 2017 च्या जूनमध्ये पंतप्रधान झाले आणि त्यांनी एकच मुद्दा लावून धरला, बेटावर नाका चालणार नाही, तोंडी आश्वासन पण चालणार नाही, लिहून द्या. छोटा देश, पण यावेळी 26 देश त्याच्या मागे उभे राहिले.

मे यांनी उपाय काढला त्याला बॅकस्टॉप म्हणायचे. म्हणजे पुढे दुसरा काही चांगला मार्ग सापडेपर्यंत सगळं ब्रिटन युरोपसोबत एका कस्टम्स व्यवस्थेत राहील, आणि उत्तर आयर्लंड थोडे जास्त नियम पाळेल, आणि ब्रिटन एकट्याने त्यातून बाहेर पडू शकणार नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये 585 पानांचा करार तयार झाला. 15 जानेवारी 2019 ला पार्लमेंटमध्ये मतदान झालं, 202 बाजूने आणि 432 विरोधात. आधुनिक काळातला सरकारचा सगळ्यात मोठा पराभव. पण विरोध करणारे एका विचाराचे नव्हते हे समजून घेतलं पाहिजे. कट्टर ब्रेक्झिटवाले म्हणत होते यात आपण कायमचे अडकू, डीयूपी म्हणत होता आम्हाला वेगळं पाडताय, रिमेनवाले म्हणत होते यापेक्षा युनियनमध्ये राहिलेलं काय वाईट. तिघांची भांडणं आपसात होती, पण नाही म्हणताना तिघे एकत्र.

मार्चमध्ये खासदारांनी ठरवलं की सरकारला जमत नाही तर आपणच शोधू बहुमत कशाला आहे. 27 मार्चला 8 पर्याय मतदानाला ठेवले, आठही पडले. 1 एप्रिलला 4 ठेवले, चारही पडले, त्यातला कस्टम्स युनियनचा पर्याय फक्त 3 मतांनी, 273 विरुद्ध 276. तीन मतं! त्या रात्री दोन खासदार इकडचे तिकडे झाले असते तर कदाचित आज ब्रिटनचा व्यापार वेगळा दिसला असता. बाहेर रस्त्यावर लाखोंचे मोर्चे निघत होते, ब्रेक्झिट रद्द करा म्हणून ऑनलाइन अर्जावर 60 लाखांवर सह्या झाल्या, आणि दुसरीकडे लाखो लोक म्हणत होते की आम्ही मत दिलंय, तीन वर्षं झाली, तुम्ही ते गिळायला बघताय का. मला दोघांचंही म्हणणं समजतं. घराघरांत आई-वडील आणि मुलं या विषयावर बोलेनाशी झाली होती, वयस्कर लोकांत लीव्ह जास्त आणि तरुणांत रिमेन जास्त असल्यामुळे ती फूट जेवणाच्या टेबलावर यायची.

मे गेल्या, 24 जुलै 2019 ला बोरिस जॉन्सन आले. त्यांनी पार्लमेंट पाच आठवडे बंद ठेवायचा प्रयत्न केला, सुप्रीम कोर्टाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने तो बेकायदा ठरवला. सगळं अडलेलं होतं. मग 10 ऑक्टोबरला जॉन्सन आणि वराडकर लिव्हरपूलजवळच्या एका जुन्या हवेलीत भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले की मार्ग दिसतोय. आठवड्याभरात, 17 ऑक्टोबरला नवा करार झाला. काय बदललं? तीन इच्छांमधली कुठली सोडायची ते बदललं. मे यांनी पहिली थोडी सोडली होती, जॉन्सन यांनी तिसरी सोडली. नाका समुद्रात गेला, उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपच्या नियमात राहिला, बाकीचं ब्रिटन पूर्ण बाहेर. एक वर्ष आधी, नोव्हेंबर 2018 मध्ये जॉन्सन स्वतः डीयूपीच्या अधिवेशनात जाऊन सांगून आले होते की असं कुठलंही हुजूर पक्षाचं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पक्षाचं सरकार करणार नाही. त्या पक्षाच्या लोकांना नंतर काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. डिसेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन यांना 80 चं बहुमत मिळालं आणि त्याच महिन्याच्या शेवटी वराडकर वराडला आले होते. 31 जानेवारी 2020 ला रात्री 11 वाजता ब्रिटन बाहेर पडलं.

पण ते फक्त सभासदत्व गेलं, 2020 च्या अखेरच्या मुदतीपर्यंत नियम जुनेच चालू होते. व्यापाराचा करार व्हायचाच होता, तो 24 डिसेंबर 2020 ला झाला, मुदत संपायला आठवडा उरला असताना. शेवटपर्यंत अडलं कशावर, तर मासे. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत मासेमारीचा वाटा हजारात एकाच्या आसपास, पण आमचा समुद्र, आमचे मासे ही भावना किनाऱ्यावर राहणाऱ्याला वेगळी समजवायला लागत नाही. करारात आयातकर शून्य आहे, दोन्हीकडून. मग अडचण कुठे? नियम वेगळे झाले की कागद येतात. पशुवैद्याचं सर्टिफिकेट, कस्टम्सचे फॉर्म, आणि हा माल खरंच ब्रिटनमध्ये बनलाय याचा पुरावा, कारण शून्य कर ब्रिटिश मालाला आहे, चीनमधून आणून पुढे पाठवलेल्याला नाही. जानेवारी 2021 मध्ये डच टीव्हीने दाखवलं होतं, बंदरावर उतरलेल्या ड्रायव्हरचं हॅमचं सँडविच कस्टम्सवाल्यांनी काढून घेतलं, कारण बाहेरच्या देशातून मांसाचा पदार्थ आणता येत नाही. काही दिवस आधी ते चाललं असतं. सँडविच तेच, नियमांच्या रेषेची बाजू बदलली. मोठ्या कंपन्या कागदाला माणसं ठेवतात, पण चीज बनवणारा छोटा माणूस तीन डबे फ्रान्सला पाठवायचा तो थांबला.

मग झालं काय शेवटी? ब्रिटनच्या सरकारी बजेटचा अंदाज करणारी स्वतंत्र संस्था ओबीआर धरते की राहिलो असतो त्या मानाने दीर्घकाळात उत्पादकता 4 टक्के कमी राहील. ही एका दिवसात कोसळणारी भिंत नाही, हळूहळू झिरपणारी ओल आहे, म्हणून ती दिसत नाही आणि म्हणून वाद पण संपत नाही. माणसांचं म्हणाल तर युरोपातून येणारे कमी झाले, पण 2021 पासून गुण मोजून व्हिसा द्यायची नवी पॉइंट पद्धत आली, बाहेरच्या देशांतून येणारे इतके वाढले की 2023 च्या जूनपर्यंतच्या वर्षात निव्वळ भर, म्हणजे आलेले वजा गेलेले, 9 लाखांच्या वर गेली, त्यात आपले विद्यार्थी, नर्स, आयटीवाले किती तरी. बॉस्टनच्या मतदाराने हे मागितलं नव्हतं. दुसरीकडे स्वतःचा ट्रेड डील करायची मोकळीक पण खरी आहे, 24 जुलै 2025 ला भारत आणि ब्रिटनचा करार झाला तो ब्रिटन युनियनमध्ये असतं तर एकट्याने करूच शकलं नसतं. उत्तर आयर्लंडचं दुखणं फेब्रुवारी 2023 च्या विंडसर करारात जरा हलकं झालं, जो माल उत्तरेतच राहणार त्याला कमी तपासणी. आणि मे 2025 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान स्टार्मर यांच्या सरकारने युरोपशी ठरवलं की खाण्यापिण्याच्या मालाचे नियम परत जुळवायची बोलणी करायची, त्या बदल्यात युरोपच्या बोटींना 2038 पर्यंत मासे पकडू द्यायचे. म्हणजे जिन्यावरून एक पायरी वर चढायचं म्हणतायत, पण आता नियम करताना त्या टेबलावर त्यांची खुर्ची नाही.

म्हापशाच्या त्या दोन भावांचं राहिलं. मोठ्याला स्विंडनमध्ये सेटल्ड स्टेटस मिळालं, कारण जे 31 डिसेंबर 2020 च्या आधीपासून राहत होते त्यांनी 30 जून 2021 पर्यंत अर्ज केला तर हक्क कायम राहिला. धाकट्याचा, म्हणजे माझ्या मित्राचा पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला तेव्हा 2021 ची दिवाळी जवळ आली होती. तोच पासपोर्ट, तेच घराणं, पण ब्रिटनचं दार बंद झालेलं. तो डब्लिनला गेला, हॉटेलच्या किचनमध्ये आहे, तिथे त्याला हक्काने राहता येतं, काम करता येतं. सुट्टीत कधीतरी मित्राच्या गाडीतून बेलफास्टला जातो, दोन तासांचा रस्ता. डंडॉक गेलं की पुढे न्यूरी येतं, मध्ये कुणी अडवत नाही, कुणी काही बघत नाही, पाटीवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात एवढंच. पण त्या पाटीच्या पुढे एखाद्या हॉटेलात त्याला भांडी घासायची म्हटली तरी आता व्हिसा लागतो.